सामना बरोबरीत, शरीर तोट्यात

चैत्रात सोनारीला काळभैरवनाथाची यात्रा भरते तेव्हा परंडा तालुक्यातले ऊन चांगलेच तापलेले असते. गावातली प्रसिद्ध माकडेसुद्धा भर दुपारी सावली सोडत नाहीत. या भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. नारळावरच्या, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आधी होतात आणि मोठ्या इनामाची जोड शेवटी लागते. वाद पेटतो तो बहुधा या शेवटच्या जोडीवरून. वीस-पंचवीस मिनिटे झाली तरी कोणी चितपट होत नाही. पंच म्हणतात, बरोबरीत सोडवू. भोवतालचे प्रेक्षक ओरडतात, निकाली करा!

बरोबरीचे काय करायचे, हा प्रश्न फक्त गावच्या पंचांना पडलेला नाही. क्रिकेटचा लांबचा भाऊ असलेल्या बेसबॉलमध्ये तो गेली अनेक वर्षे गाजतो आहे. या खेळात नऊ डावांनंतर धावा समान असतील तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळत राहायचे, अशी जुनी रीत. 1 मे 1920 रोजी ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यात असे 26 डाव झाले. एवढे करून सामना 1-1 असा बरोबरीतच सुटला. दोन्ही संघांच्या चेंडूफेक्यांनी, लिऑन कॅडोर आणि जो ओश्गर यांनी, पहिल्यापासून शेवटच्या डावापर्यंत एकट्याने चेंडू टाकले. आजचा कोणताही डॉक्टर हे ऐकून आधी त्यांच्या कोपराची चौकशी करील. जोरात चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. तो तुटला की करावी लागणारी शस्त्रक्रिया 1974 मध्ये टॉमी जॉन या खेळाडूवर पहिल्यांदा झाली आणि आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय बेसबॉल महासंघाने नियम बदलला. अकराव्या डावापासून फलंदाजी करणाऱ्या संघाचे दोन धावपटू आधीच पहिल्या आणि दुसऱ्या तळावर उभे करायचे, म्हणजे धाव लवकर निघेल आणि सामना लवकर संपेल. लगेच ओरड झाली की हा खेळ नव्हे, फुकटची धाव आहे. पण बदल टिकला. अमेरिकेच्या मुख्य साखळीनेही 2020 मध्ये, करोनाच्या काळात, दहाव्या डावापासून दुसऱ्या तळावर एक धावपटू ठेवायला सुरुवात केली आणि 2023 मध्ये तो नियम कायम केला. क्रिकेटरसिकांना यात नवल वाटू नये. 2019 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चौकारांच्या मोजणीवर सुटला तेव्हा आपल्याकडेही असाच गदारोळ झाला होता आणि त्याच वर्षी तो नियम मोडीत निघाला.

या वादांत न्याय, परंपरा आणि दूरचित्रवाणीचे वेळापत्रक यांची चर्चा खूप होते. शरीराची चर्चा मात्र कमी होते. वास्तविक जादा वेळ हा थकलेल्या शरीराचा वेळ असतो आणि थकलेले शरीर हे ताज्या शरीराची मंद आवृत्ती नसते. त्याचे वागणेच बदलते.

स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या तयार इंधनाचा लहानसा साठा असतो. जीव तोडून धावले की साधारण दहा सेकंदांत तो बराचसा संपतो. थांबल्यावर त्यातला निम्मा अर्ध्या मिनिटात भरून येतो, पण साठा पुन्हा पुरता भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याखालचा मोठा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे खाल्लेल्या भाकरीतून स्नायूत साठवलेल्या साखरेचा. तो एकदा रिकामा झाला की भरायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. दमलेल्या स्नायूला मेंदूचा हुकूम उशिरा पोचतो. उडी मारून उतरताना मांडीचे स्नायू गुडघ्याला वेळेवर सावरत नाहीत, गुडघा आत झुकतो आणि त्यातला अस्थिबंध तुटतो. मांडीच्या मागच्या स्नायूला होणाऱ्या इजा फुटबॉलमध्ये प्रत्येक अर्धाच्या अखेरीस जास्त होतात, असे त्या खेळाच्या अभ्यासांत दिसले आहे.

कुस्तीने याची किंमत फार पूर्वी मोजली. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती 11 तास 40 मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण अंतिम कुस्तीसाठी उभाच राहू शकला नाही. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका वजनगटाची अंतिम कुस्ती नऊ तासांनी थांबवली गेली आणि दोघांनाही रौप्यपदक देऊन सुवर्णपदक राखून ठेवले गेले. पुढे वेळेचे बंधन आले, गुण आले. 2005 नंतर काही वर्षे फेरीत गुणच झाले नाहीत तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून कोणाला पकडीचा फायदा द्यायचा ते ठरवत. शरीराला सोपी, पण कष्टाने कमावलेल्या माणसाला लागणारी ही सोडत 2013 च्या बदलांत गेली. आता गुण समान असतील तर मोठ्या गुणांचे डाव कोणी जास्त मारले, ताकीद कोणाला कमी मिळाली आणि शेवटचा गुण कोणाचा, हे पाहून निकाल देतात. एक मिनिटही जादा खेळावे लागत नाही.

मराठी वाचकाला यात खाशाबा जाधव आठवतील. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ झुंज दिल्यावर त्यांना पुरेशी विश्रांती न देताच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले गेले, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला तिथे भारतीय अधिकारी नव्हता. खाशाबांनी कांस्य आणले. तो अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. तेवढ्या वेळात स्नायूंतील आम्ल बरेच ओसरते, एवढे मात्र खरे.

धाराशिव जिल्ह्यासाठी हा विषय कुस्तीपेक्षाही खो-खोत जास्त जवळचा आहे. या जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळण्याच्या काळात अनेक वर्षे दिवसाला एकाच वेळचे जेवण मिळत असे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कौतुक करताना हे वाक्य आपण भावनेने ऐकतो. जादा डावाचा विचार करताना ते हिशेबाने ऐकायला हवे.

खो-खोत दोन डावांनंतर गुण समान असतील तर एक जादा डाव खेळवतात. नऊ मिनिटांच्या पाळ्या धरल्या तर 36 मिनिटांच्या खेळावर आणखी 18 मिनिटे, म्हणजे निम्मा सामना पुन्हा. तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण: प्रत्येक संघाने पहिला गडी बाद करेपर्यंतच आक्रमण करायचे आणि ज्याला कमी वेळ लागला तो विजयी. तालुका आणि जिल्हा पातळीवर एकाच दिवशी दोन-तीन सामने खेळणाऱ्या शाळकरी मुलींसाठी मधला जादा डाव गाळून थेट लघुत्तम आक्रमणावर जावे, ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे. एका चुकीवर सामना जातो, असा त्यावर आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण पन्नासाव्या मिनिटाला पाय जड झाल्यामुळे होणारी चूक ही कौशल्याची परीक्षा कशी म्हणायची? खरी अडचण वेगळी आहे. लघुत्तम आक्रमणात प्रत्येक संघ आपली सर्वांत चिवट तुकडी मैदानात उतरवतो, आणि दिवसभर सर्वांत जास्त पळालेल्या मुली त्याच असतात. म्हणून त्याआधी पाच मिनिटांची सक्तीची विश्रांती हवी. क्रिएटिन फॉस्फेट भरून यायला लागतात तेवढीच. कबड्डीत पाच-पाच चढाया वेगवेगळ्या खेळाडूंना वाटून दिल्या जातात, तिथे हा भार आपोआप विभागला जातो.

यात रक्तक्षयाची भर पडते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी. अशी मुलगी पहिल्या डावात इतरांच्या बरोबरीने पळते, कारण लहान धाव तयार इंधनावर निघते. फरक पडतो तो दोन धावांमधल्या सावरण्यात. चौथ्या पाळीत तिला धाप लागते आणि प्रशिक्षक म्हणतात, सराव कमी पडला. स्पर्धेच्या हंगामाआधी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घेतले तर हा गैरसमज बोटाच्या एका थेंबात मिटतो. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

उन्हाचा धोका सर्वांनाच. तापत्या मैदानावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. 50 किलो वजनाच्या मुलीचे ते दोन टक्के वजन झाले आणि तेवढ्यात चपळाई कमी होते. खेळाडू बरळू लागला, तोल जाऊ लागला, कातडी तापलेली लागली तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी. अशा वेळी आधी थंड करायचे, मग रुग्णवाहिकेत घालायचे. पाण्याच्या टाकीत किंवा पिंपात गळ्यापर्यंत बसवून डोके धरून ठेवावे. टाकी नसेल तर अंगभर पाणी ओतत वारा घालावा आणि तेवढ्यात 108 ला फोन करावा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर जीव वाचण्याची शक्यता फार वाढते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

यात्रेच्या फडात मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी, ऊन उतरल्यावर लागते, ही जुनी रीत या दृष्टीने सोयीची आहे. गुणांवर निकाल द्यायचा की इनाम दोघांत वाटायचे, हे पंचांनी जोड लावतानाच जाहीर केले तर पंचविसाव्या मिनिटाची ओरडही थांबेल. जास्त काळजी नारळाच्या कुस्त्यांतल्या पोरांची करायला हवी. त्यांची पाळी भर दुपारी येते, बरीच पोरे सकाळपासून लंगोट घालून उन्हात बसलेली असतात, आणि पोट जड होईल म्हणून पाणी पिऊ नको, असे त्यांना कोणीतरी घरून सांगून पाठवलेले असते.