छोट्या ट्रॅक्टरसाठी अनुदानावर रोटाव्हेटर घेताय? आधी हे पाहा

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाअंतर्गत ट्रॅक्टरचलित अवजारांसाठी अनुदान मिळते. अनुसूचित जाती-जमातींतील, महिला तसेच अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना साधारणपणे किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के. मात्र प्रत्येक अवजारासाठी कमाल मर्यादा ठरलेली असते. टक्केवारीने येणारी रक्कम आणि ही मर्यादा यांपैकी जी कमी, तीच मिळते. समजा, रोटाव्हेटर ८०,००० रुपयांचा आहे आणि तुमच्या गटाची मर्यादा ३५,००० आहे, तर निम्मे म्हणजे ४०,००० नव्हे, ३५,०००च मिळतील.

म्हणूनच "अनुदान आहे तर मोठाच घ्या" हा सल्ला ऐकू नका. वाढीव किंमत बहुधा तुमच्याच खिशातून जाते आणि ट्रॅक्टरला झेपत नाही ते वेगळेच.

ट्रॅक्टरच्या बोनेटवर लिहिलेली एचपी ही इंजिनाची असते. रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओच्या जोरावर, आणि तो त्याहून कमी असतो. पीटीओ एचपीचा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. २० ते २५ एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण तीन ते चार फुटी रोटाव्हेटर पुरतो. हलक्या जमिनीत चार फुटी चालून जाईल. भारी काळ्या जमिनीत मात्र कमी रुंदीचाच घ्या, नाहीतर इंजिन दबते, मग चालक खोली कमी करतो आणि माती वरवरच भुसभुशीत होते.

वजनाकडे फारसे कोणी पाहत नाही. रोटाव्हेटर उचलला की सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे जातो. भार जास्त असेल तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग नीट लागत नाही आणि बांध चढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊ शकतो. विक्रेत्याकडून वजन लिहून घ्या आणि ते ट्रॅक्टरच्या उचल क्षमतेशी ताडून पाहा. पुढे वजने लावायची सोय आहे का, तेही पाहा.

आता टेप घ्या. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा. रोटाव्हेटर त्याहून अरुंद असेल तर टायरची चाकोरी न नांगरता राहते. द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग असेल तर ओळींमधले अंतरही मोजा. थ्री पॉइंट लिंकेजच्या पिना जुळतात का, हे तुमचाच ट्रॅक्टर नेऊन पाहिलेले बरे.

मॉडेल ठरल्यावर त्याचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातील बुदनी आणि हरियाणातील हिसार येथे केंद्र सरकारच्या अशा संस्था आहेत. अहवाल नसलेले मॉडेल स्वस्त मिळाले तरी अनुदानात अडकते.

अर्ज ज्या राज्यात जमीन आहे तिथल्या पोर्टलवर करायचा. महाराष्ट्रात महाडीबीटीवर. बुऱ्हाणपूर किंवा बेळगावकडच्या वाचकांनी आपापल्या राज्याच्या कृषी विभागाकडे चौकशी करावी. कागदपत्रे आणि क्रम थोडा वेगळा असतो. महाराष्ट्रात ट्रॅक्टर अर्जदाराच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर असल्याचा पुरावा लागतो. निवड झाल्यावर दरपत्रक आणि तपासणी अहवाल अपलोड करा आणि पूर्वसंमतीची वाट पाहा. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. हंगाम तोंडावर आला की इथेच घाई होते आणि अनुदान हातचे जाते. खरेदीनंतर बिल अपलोड करायचे, मोका तपासणी होते आणि मग रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. तोवर पूर्ण किंमत तुम्हालाच भरायची असते, तेव्हा पैशांची सोय आधी करा.

दोन-अडीच एकर जमीन असेल आणि काम वर्षातून दोनदाच असेल, तर गावाजवळच्या अवजार बँकेचा भाडेदर आधी विचारा.

घेतलाच, तर पीटीओ शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण बसवल्याशिवाय अवजार दुकानातून हलवू नका. फिरत्या शाफ्टमध्ये पदर किंवा उपरणे अडकले तर सोडवायला वेळ मिळत नाही.