‘झाँग’ जहाजाचा हिशेब

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार नेण्यात आली. त्यांपैकी अठरा लाखांच्या आसपास माणसे वाटेतच मेली. हे आकडे मी वर्गात सांगतो, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. एवढ्या मोठ्या आकड्यात माणूस दिसत नाही. म्हणून येथे एकाच जहाजाचा हिशेब मांडतो.

लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे ‘झाँग’ हे जहाज ऑगस्ट १७८१ मध्ये अक्राहून ४४२ गुलाम घेऊन निघाले. त्या आकाराच्या जहाजातून नेत असत त्याच्या जवळजवळ दुप्पट ही संख्या. वाटेत रोगराईने माणसे मरू लागली. जमैका बेट दिसले, पण ते दुसरेच बेट समजून जहाज पुढे नेले गेले. मग पाणी पुरणार नाही असे कारण देऊन २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत १३०हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली. पहिल्या दिवशी बायका आणि मुले फेकली. मध्येच पाऊस पडला, तरीही फेकणे थांबले नाही, हे पुढे न्यायालयात उघड झाले.

असे का घडले? उत्तर विम्याच्या करारात आहे. गुलाम आजाराने मेला तर तोटा मालकाचा. पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ समुद्रात टाकावा लागला, तर भरपाई विमेवाल्याने द्यायची. मालकांनी दर माणशी ३० पौंड मागितले.

१७८३ मध्ये लंडनला खटला उभा राहिला तो या पैशांसाठी. खुनासाठी नव्हे! ज्यूरीने कौल मालकांना दिला. ज्यूरीच्या दृष्टीने हे घोडे फेकून देण्यासारखेच होते, असे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी नमूद केले आणि फेरसुनावणीस परवानगी दिली. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउडा इक्विआनोने ही हकिकत ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानी घातली. शार्प यांनी खुनाचा खटला भरवण्याची धडपड केली. कोणालाही शिक्षा झाली नाही. मात्र या प्रकरणाने गुलामविरोधी चळवळीच्या हाती पुरावा दिला. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार कायद्याने बंद केला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली, ती ही नाळ ओळखूनच. आपल्याकडची जातिव्यवस्था आणि तिकडचा गुलामव्यापार एक नव्हेत. त्यांची सरमिसळ करू नये. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. माणसाला आधी कागदावर, पोथीत वा खातेवहीत, माणूसपणातून वगळले जाते. एकदा ते झाले की पुढचा अत्याचार ‘नियमानुसार’ ठरतो.

घरातला पहिला पदवीधर म्हणून मला शिक्षणाचा एक उपयोग पक्का कळला आहे. तो म्हणजे हे कागद स्वतः वाचता येणे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी कोणताही करार, कोणताही निकाल हाती घेतला की आधी पाहावे, त्यात आपल्या माणसासाठी कोणता शब्द वापरला आहे.