सागाहून कठीण, सागाहून तापदायी

बडोद्यापासून जवळच असलेल्या संखेडा गावाचे खरादावर घडवून लाखेने रंगवलेले झोपाळे आणि बैठका सागवानी लाकडाच्या असतात, आणि गुजरात-महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या तुळयांतही सागालाच मान असल्यामुळे साग हे अत्यंत कठीण लाकूड असावे असा समज सार्वत्रिक आहे. परंतु मोजमाप तसे सांगत नाही. लाकडाचे काठिण्य ‘जांका कसोटी’ने ठरवतात, म्हणजे ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत किती बल लावावे लागते ते पाहतात. सागाला सुमारे ४,७०० न्यूटन पुरतात, तर बाभूळ, धावडा आणि खैर ही रानोमाळ आढळणारी झाडे त्याला सहज मागे टाकतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने देशी लाकडांच्या तुलनेत सागाचा प्रत्येक गुण १०० धरण्याची रीत रूढ केली, आणि त्या कोष्टकांतील काठिण्याच्या रकान्यात शंभरी ओलांडणाऱ्या जाती पुष्कळ आहेत.

या फरकाचे कारण घनता होय. लाकडाच्या पेशींची भित्ती ज्या द्रव्याची बनते त्याची घनता सर्व जातींत जवळपास सारखीच, घनमीटरला सुमारे १,५०० किलो, असते; भित्ती किती जाड आणि पोकळी किती मोठी एवढ्यावरच सावरीचे लाकूड ४०० किलोच्या आसपास, साग ६५० आणि खैर हजाराजवळ जातो. वनस्पतिशास्त्र रुंद पानांच्या सर्व वृक्षांना कठीणकाष्ठ वर्गात घालते, त्यामुळे नखाने ओरखडा उठणारी सावरही त्याच वर्गात बसते, हे वर्गीकरण सुताराच्या फारसे कामाचे नाही.

हीच घनता चुलीतही निर्णायक ठरते. पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड किलोमागे साधारण ४,५०० ते ५,००० किलोकॅलरी उष्णता देते, मग ते सावरीचे असो वा बाभळीचे; मात्र सरपण मोळीने किंवा गाडीने मोजले, तर तेवढ्याच जागेत बाभळीचे वजन सावरीच्या दुप्पट भरते आणि उष्णताही त्याच प्रमाणात मिळते. शिवाय सच्छिद्र लाकडातून ज्वलनशील वायू भराभर बाहेर पडून मोठी ज्वाळा उठते व लवकर विझते, तर दाट लाकडाचा निखारा रेंगाळतो. लोहाराच्या भट्टीत बाभळीच्या कोळशाला पसंती असते ती याचमुळे. गुजरातेत कोळशासाठी सर्रास तोडला जाणारा ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, शेतकऱ्यांच्या शिव्यांचा धनी असला तरी जळणाच्या कसोटीवर सागापेक्षा सरस ठरतो. जातीपेक्षाही ओलावा महत्त्वाचा असतो: निम्मे वजन पाण्याचे असलेल्या ताज्या लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात, म्हणून ओल्या खैरापेक्षा वाळलेला साग बरा.

मग सागाची किंमत कशात आहे? वाळताना तो फार आकसत नाही, वाकत नाही, आणि त्याच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये वाळवीला दूर ठेवतात; याउलट दाट लाकडे वाळताना तडकतात आणि पीळ घेतात. बडोद्याच्या रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यासारख्या बहुमजली लाकडी इमारतीला आगीची धास्ती असते हे खरे, पण जाड तुळई पेटली तरी तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि उष्णता आत शिरू देत नाही, त्यामुळे कठीणकाष्ठ वर्गातील लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीनेच आत जळत जाते, म्हणजे अर्ध्या तासात दीड सेंटीमीटर. उघडे लोखंड मात्र तेवढ्या वेळात तापून मऊ पडते आणि भाराखाली वाकते.