बव्हेरियाचा इ. स. १५१६ चा बिअरचा निरख

जर्मन बिअरची चर्चा निघाली कीं इ. स. १५१६ च्या बव्हेरियन हुकुमाचा दाखला हटकून दिला जातो. जव, हॉपच्या वेलीचीं फुलें व पाणी यांखेरीज बिअरमध्यें कांहीं घालूं नये, हें त्यांतील वाक्य सर्वतोमुखीं झालें असून त्यावरून हुकुमास 'शुद्धतेचा कायदा' म्हणतात. मूळ कागदांत मात्र हें नांव नाहीं. तें बव्हेरियाच्या विधिमंडळांतील इ. स. १९१८ च्या चर्चेंत प्रथम आढळतें. म्हणजे कागद चारशें वर्षांचा झाल्यावर त्यास हें शीर्षक चिकटलें.

सदर हुकूम चौथा विल्हेल्म व त्याचा भाऊ दहावा लुडविग या ड्यूकांच्या अमलांत ता. २३ एप्रिल १५१६ रोजीं इंगोलश्टाट येथें निघाला. तो साद्यंत वाचतां हा मुख्यतः निरखनामा आहे, असें आमचें मत झालें. संत मायकेलच्या सणापासून (२९ सप्टेंबर) संत जॉर्जच्या सणापर्यंत (२३ एप्रिल) 'मास' या मापास, म्हणजे सुमारें एक लिटरास, एक फेनिग. पुढें उन्हाळाभर फार तर दोन फेनिग. 'कोफ' या जरा लहान मापास उन्हाळ्यांत तीन हेलर. दोन हेलरांचा एक फेनिग होई. जो घटकांचा नियम मोडील त्याचें पीप जप्त. हुकुमाची तारीख संत जॉर्जच्या सणाची, म्हणजे निरख पालटण्याच्याच दिवसाची आहे, हें निरखाचे कागद हाताळणाऱ्यांच्या सहज लक्षांत येईल.

घटकांच्या यादींत किण्व नाहीं. त्यावरून त्या काळीं किण्व ठाऊकच नव्हतें असें अनुमान कित्येक काढतात; तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मागील खेपेचा गाळ पुढील खेपेंत घालण्याची रीत बिअर गाळणारांस अवगत होती. तो गाळ सजीव असून आंबण्याची क्रिया त्याच्यामुळें होते, एवढें पाश्चरनें एकोणिसाव्या शतकांत सिद्ध केलें.

गव्हाचें काय? जवाचाच आग्रह धरल्यानें गहूं भाकरीसाठीं राखला गेला, असें कारण देतात व तें संभवनीय आहे. परंतु इ. स. १५४८ मध्यें डेगेनबर्ग घराण्यास गव्हाची बिअर करण्याची सनद मिळाली, इ. स. १६०२ मध्यें त्या घराण्याचा निर्वंश होतांच ड्यूक माक्सिमिलिआननें तो हक्क स्वतःकडे घेतला आणि त्याच्या खजिन्यास मोठी प्राप्ति होऊं लागली. भाकरीची काळजी तेव्हां कोठें गेली होती?

हा नियम बव्हेरियानें प्रथम काढला, हेंहि खरें नव्हे. बांबेर्गच्या बिशपानें इ. स. १४८९ मध्येंच तशाच आशयाचा हुकूम काढला होता, आणि बांबेर्ग तेव्हां बव्हेरियांत नव्हतें. बीच लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या जवाची तेथील धुरकट बिअर आजहि प्रसिद्ध आहे. उत्तरेकडे तर वेगळाच संप्रदाय. गोस्लार व लाइप्झिग येथील 'गोझे' बिअरमध्यें गहूं, मीठ व धणे पडतात. बव्हेरियाच्या ड्यूकांचा हुकूम तेथें चालत नव्हता. इ. स. १९०६ मध्यें निर्बंध साऱ्या जर्मन साम्राज्यास लागू झाले, आणि असल्या स्थानिक प्रकारांस पुढें अपवाद म्हणून जागा शोधावी लागली. वस्तुतः खुद्द बव्हेरियाच्या इ. स. १६१६ च्या संहितेंत मीठ घालण्यास मुभा होती.