विश्लेषण : मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा कपाशीवरची फवारणी वाचवू शकतो का?

वर्धा जिल्ह्यात देवळीपासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत खरिपात कपाशीची शिवारे दिसतात. या पिकावरचे बरेच शत्रू जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचे असतात. ते नुसत्या डोळ्यांनी नीट ओळखता येत नाहीत. मग दुकानदार जे देईल ते औषध पंपात जाते. खिशातल्या फोनचा मॅक्रो कॅमेरा इथे कामाला येऊ शकतो का, आणि किती?

हा प्रश्न महत्त्वाचा का?

फवारणी चुकली की औषध, मजुरी आणि दिवस तिन्ही वाया जातात. धोका तेवढाच नाही. २०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. त्यामुळे टाळता येण्यासारखी प्रत्येक फवारणी टळणे हा पैशाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. त्याची सुरुवात कीड अचूक ओळखण्यापासून होते.

मॅक्रो फोटो म्हणजे नेमके काय?

काटेकोर व्याख्येनुसार, वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडली तर तो मॅक्रो फोटो. फोनचा सेन्सर लहान असल्याने तिथे हे गणित पिक्सेलमध्ये समजून घेणे सोपे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४,००० पिक्सेलची असते. चौकटीत ४ सेंटिमीटर रुंदीचा पानाचा भाग घेतला, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला १०० पिक्सेल येतात. २० सेंटिमीटरची फांदी घेतली तर फक्त २०. एवढ्यात फुलकिडा म्हणजे एक पिवळसर ठिपका दिसतो, बाकी काही नाही.

स्वस्त फोनमधला वेगळा मॅक्रो कॅमेरा बहुधा २ मेगापिक्सेलचा, म्हणजे १,६०० पिक्सेल रुंदीचा असतो. तीच ४ सेंटिमीटरची चौकट घेतली तर मिलिमीटरला ४० पिक्सेल मिळतात. म्हणून ‘मॅक्रो’चे बटण दाबण्याआधी मुख्य कॅमेऱ्यानेही एक फोटो काढून दोन्ही ताडून पाहावेत. मुख्य कॅमेरा फार जवळ नेला तर फोकस होत नाही. थोडे मागे येऊन काढलेला फोटो नंतर कापलेला बरा. नुसता डिजिटल झूम नवा तपशील देत नाही, आहे तेच ताणून दाखवतो. फोनवर चिमट्यासारखे बसणारे भिंग लावले तर मात्र खरोखर फरक पडतो.

पानावर काय शोधायचे?

पान उलटे करून खालची बाजू पाहावी. बहुतेक रसशोषक किडी तिथेच असतात.

फुलकिडे : अंदाजे १ मिमी, लांबट, पिवळसर. पानाची खालची बाजू खरवडल्यासारखी, चंदेरी दिसते.

पांढरी माशी : १ मिमीच्या आसपास, पंख पांढरे, पिठूळ. पान हलवले की उडते.

तुडतुडे : सुमारे ३ मिमी, फिकट हिरवे. तिरपे चालतात, म्हणून इथे फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो.

मावा : कोवळ्या शेंड्यावर झुंडीने. पाने चिकट होतात.

मित्रकीटक ओळखणेही तितकेच गरजेचे. ढालकिड्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी अनेकांना कीड वाटते, पण ती मावा खाते. केसासारख्या बारीक देठावर उभी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. त्याच्या अळ्याही मावा फस्त करतात. अशा शेतात घाईने फवारले तर फुकट काम करणारी फौजच मरते.

गुलाबी बोंडअळी फोटोत का सापडत नाही?

कॅमेऱ्याची खरी मर्यादा इथे कळते. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी आणि जेमतेम १ मिमीची असते. ती बोंडात शिरते आणि शिरण्याचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून हिरवेगार, निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. बाहेरून कितीही स्पष्ट फोटो काढला तरी त्यात काही दिसत नाही.

म्हणून आधी डोमकळ्या शोधाव्यात. अळीने पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्याने फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. ते उघडून आतला फोटो घ्यावा. बोंडे धरल्यावर एकरी २० हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडावीत. त्यातील दोन किडलेली निघाली तर नुकसान १० टक्के, म्हणजे उपाययोजनेची पातळी गाठली गेली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग अडकले तरी तोच इशारा समजावा.

फोटो कसा काढावा?

सकाळी, वारा पडलेला असताना काढा. जवळच्या फोटोत फोकसची खोली काही मिलिमीटरच असते, त्यामुळे पान हलले की फोटो गेला.

पान दोन बोटांत ताणून धरा. फोन पानाला समांतर ठेवा.

लेन्स सुती कापडाने पुसा. फ्लॅश टाळा आणि स्वतःच्या अंगाची सावली पानावर पडू देऊ नका.

शेजारी कंपासपेटीतली मिलिमीटरची पट्टी ठेवा. आकार कळल्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

प्रत्येक वेळी तीन फोटो घ्या : पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि कीड.

पुढे काय करायचे?

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी ‘नॅशनल पेस्ट सर्व्हेलन्स सिस्टिम’ सुरू केली. तिच्या अॅपवर किडीचा फोटो टाकला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ओळख पटवली जाते. फोटो धूसर असेल तर उत्तरही चुकण्याची शक्यता वाढते. शंका राहिली तर गावचे कृषी सहायक, सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) यांच्याकडे विचारणा करता येते.

मात्र फोटो फक्त कीड कोणती हे सांगतो. फवारायचे की नाही हे संख्येवर ठरते. शेतात फिरून २० झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान पाहून किडी मोजाव्यात. पानामागे सरासरी १० मावा, १० फुलकिडे किंवा २ ते ३ तुडतुडे एवढी संख्या होईपर्यंत रासायनिक फवारणीची घाई करू नये. आठवड्यातून एकदा ही मोजणी केली आणि फोटो तारखेनिशी जपून ठेवले, तर कीड वाढतेय की उतरतेय हे पुढच्या आठवड्यात आपल्याच फोनमध्ये दिसते.