लहान अंकांतील स्वतंत्र लेखन : शोध आणि जतन

मराठी समाजाच्या वैचारिक जीवनाचा इतिहास मोठ्या ग्रंथांतून आणि नामवंत नियतकालिकांतून वाचला जातो. तथापि या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग लहान अंकांत, पुस्तिकांत आणि अल्पजीवी पत्रांत विखुरलेला आहे. कोणत्याही मोठ्या संस्थेचे पाठबळ नसताना, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर अनेकांनी लिहिले, छापले आणि वाटले. अशा लेखनाची किंमत पुष्कळदा त्या काळी कळत नाही. ती कळते तेव्हा मूळ अंक हाती लागणे दुरापास्त झालेले असते. म्हणून स्वतंत्र लेखनाचा शोध आणि त्याचे जतन हा केवळ साहित्यप्रेमींचा विषय नाही. ग्रंथालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

एका पुस्तिकेची कथा

या बाबतीत ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तिकेचे उदाहरण बोलके आहे. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ही पुस्तिका लिहिली आणि १८८२ मध्ये ती पुण्यात छापली गेली. स्त्रियांना लावले जाणारे दोष पुरुषांच्या ठायी नाहीत काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी विचारला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. परंतु एरवी तिच्या वाट्याला विरोध आणि उपेक्षाच आली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे आढळत नाही.

यानंतर जवळजवळ नऊ दशके ही पुस्तिका विस्मृतीत राहिली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वेधले. आज भारतातील स्त्रीविषयक विचारांचा इतिहास लिहिताना तिचा उल्लेख अपरिहार्य मानला जातो. मूळ पुस्तिकेची प्रत कोठेतरी शिल्लक राहिली, म्हणूनच हे शक्य झाले. ती प्रत रद्दीत गेली असती तर एक संपूर्ण विचार मराठीतून नाहीसा झाला असता, आणि तो नाहीसा झाल्याचे कोणाला कळलेही नसते.

दुसरे उदाहरण याहूनही जुने आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील किशोरवयीन विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे पत्र १८४२ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथून मिशनऱ्यांनी सुरू केले होते. या मुलीने पुढे काही लिहिले की नाही, याचा माग लागत नाही. मात्र ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फाइली जपल्या गेल्या, म्हणून तो निबंध आज पाठ्यपुस्तकांपर्यंत आणि संशोधनापर्यंत पोहोचला आहे.

लघुनियतकालिकांची चळवळ

स्वातंत्र्योत्तर काळात स्वतंत्र लेखनाला नवे वळण मिळाले. १९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र यांनी ‘शब्द’ हा अंक काढला. साठोत्तरी वर्षांत अशोक शहाणे यांचा ‘असो’, औरंगाबादहून निघालेला ‘वाचा’, राजा ढाले यांचा ‘येरू’ असे अनेक अंक निघाले. प्रस्थापित मासिकांच्या संपादकीय चौकटीत न बसणारे लेखन वाचकांपर्यंत पोहोचविणे, हा त्यांचा हेतू होता. हे अंक नियमित निघत नसत. म्हणून त्यांना ‘अनियतकालिके’ असेही नाव पडले.

त्यांच्या निर्मितीची रीत साधी होती. मेणकागदावर टंकलेखन करून किंवा हाताने लिहून तो कागद सायक्लोस्टाइल यंत्रावर चढविला जाई. शाईचा रूळ फिरला की प्रती निघत. छापखान्याचा खर्च परवडत नसलेल्या तरुणांना ही सोय मोठी होती. वर्गणीदार थोडे, जाहिराती जवळजवळ नाहीत आणि वितरण हातोहात किंवा टपालाने. पैसे संपले की अंक थांबे, आणि काही काळाने वेगळ्या नावाने दुसरा निघे.

या चळवळीतूनच मराठी साहित्याला पुढे मान्यता पावलेले लेखक लाभले. ‘वाचा’च्या संपादनाशी निगडित असलेले भालचंद्र नेमाडे यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. अरुण कोलटकर यांच्या ‘भिजकी वही’ या संग्रहाला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार देण्यात आला. हा संग्रह अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ या लहानशा प्रकाशनसंस्थेने काढला होता. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ मध्ये आला. त्याची पार्श्वभूमीही याच वातावरणाची होती.

गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’च्या द्वारे दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले हे त्रैमासिक त्यांनी दीर्घकाळ निष्ठेने चालविले. अंकाबरोबरच लेखकांचे मेळावेही भरविले. गावोगावचे लिहिते हात एकमेकांना माहीत झाले, ते मुख्यतः अशा मेळाव्यांमुळे.

शोधाचे चार मार्ग

असे लेखन वाचकाला सापडते कसे, हा व्यवहारातील प्रश्न आहे. त्याचे चार मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग म्हणजे एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाणे. लहान अंकाच्या मलपृष्ठावर दुसऱ्या लहान अंकांची नावे व पत्ते छापण्याची प्रथा होती. एक अंक हाती आला की आणखी चारांचा पत्ता लागे.

दुसरा मार्ग सूचीचा. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयाग्रंथालयांतून फिरून १८०० ते १९५० या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली. मराठी नियतकालिकांच्या सूचीच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. सूचीत नोंद नसलेले लेखन जवळ असूनही हरवल्यासारखेच असते. या दृष्टीने दात्यांचे कार्य पायाभूत ठरते.

तिसरा मार्ग ग्रंथालयातील जपलेल्या फाइलींचा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर यांसारख्या शतकाहून जुन्या संस्थांची कपाटे संशोधकांचा आधार ठरली आहेत.

चौथा मार्ग जाणत्या वाचकाच्या शिफारशीचा. शिक्षक, ग्रंथपाल किंवा गावातील एखादा वृद्ध वाचक यांनी दाखविलेली वाट पुष्कळदा सूचीहून अधिक उपयोगी पडते.

नोंद का राहत नाही?

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशकाने आपल्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालयासह अन्य तीन ग्रंथालयांस पाठविणे बंधनकारक आहे. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. परंतु अडीचशे-तीनशे प्रती काढणारा, प्रकाशनाचा व्यवसाय नसलेला तरुण या व्यवस्थेपर्यंत क्वचितच पोहोचे.

ग्रंथालयांच्या बाजूनेही अडचणी असतात. ठरलेल्या दिवशी न येणाऱ्या अंकाची नोंद कोणत्या वहीत करावी, हे स्पष्ट नसते. पाने थोडी असल्याने बांधणी होत नाही. सायक्लोस्टाइलची शाई फिकट होते, हलका कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि टाचणी गंजून पाने सुटतात. जागेची टंचाई निर्माण झाली की प्रथम अशाच अंकांची रवानगी रद्दीत होते.

आज स्वतंत्र लेखनाचा मोठा भाग महाजालावर गेला आहे. देवनागरीसाठी युनिकोड उपलब्ध झाल्यापासून कोणालाही अल्प खर्चात मराठीत लिहून प्रसिद्ध करता येते. परंतु ज्या सेवेच्या आधाराने हे लेखन उभे असते, ती बंद पडली की ते एका दिवसात दिसेनासे होते. २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ ही सेवा अमेरिकेत बंद झाली, तेव्हा सामान्य माणसांनी तयार केलेली असंख्य पाने नाहीशी होण्याच्या मार्गावर आली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतील बराच भाग वाचविला. कागद रद्दीत गेला तरी एखादी प्रत माळ्यावर राहते. पडद्यावरील लेखनाला तेवढाही आधार नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि त्यामुळे राज्यात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीतही ग्रंथालये व वाचनालये यांचा समावेश आहे. या यंत्रणेस फारसा जादा खर्च न करता पुढील कामे करता येतील.

प्रत्येक ग्रंथालयाने ‘स्थानिक लेखन’ अशी स्वतंत्र नोंदवही ठेवावी. गावातील व्यक्तींनी लिहिलेल्या पुस्तिका, शाळेची हस्तलिखिते, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, जत्रेची पत्रके, बंद पडलेले अंक यांची तीत नोंद व्हावी. लेखकाचे नाव, वर्ष, छापल्याचे ठिकाण, पानांची संख्या आणि प्रत कोणाकडे आहे, एवढी माहिती पुरेशी होते. प्रत मिळाली नाही तरी नोंद अवश्य करावी.

गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून पाने सुती दोऱ्याने बांधावीत आणि पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवावीत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाने कागदावर कायमचे डाग पडतात. प्लॅस्टिकचे आवरण चढविणेही हानिकारक असते, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

पानांची संगणकीय प्रत करताना कायद्याचे भान असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत राहतो. त्यामुळे साठच्या दशकातील अंक सर्वांसाठी खुले करावयाचे झाल्यास लेखकांची किंवा वारसांची संमती घ्यावी लागते. मात्र विनानफा चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाजवळ मूळ छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. या तरतुदीचा लाभ ग्रंथालयांनी घ्यावयास हवा.

शिक्षकांना या कामी विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. आपल्या घरात, शेजारी किंवा आजोबांच्या पेटीत कोणते जुने छापील लेखन आहे, त्याची यादी करणे हा उत्तम प्रकल्प ठरू शकतो. त्यातून भाषेचे आणि स्थानिक इतिहासाचे शिक्षण आपोआप घडते.

मुक्ताचा निबंध आणि ताराबाईंची पुस्तिका प्रसिद्ध झाली, तेव्हा पुढील पिढ्यांना त्यांची गरज भासेल हे कोणाला ठाऊक नव्हते. आजच्या लेखनापैकी कोणते उद्या मोलाचे ठरेल, हेही आज सांगता येणार नाही. म्हणून जतन करताना निवड फार कठोर असू नये. गावातील ग्रंथालयाच्या एका कपाटाचा एक खण आणि एक नोंदवही एवढ्यावर या कार्यास प्रारंभ करता येईल. ग्रंथपाल, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी मिळून तो करावा, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.