खाज आणि लाज

आमच्या मस्तगडातल्या एका काकूंना गेल्या उन्हाळ्यात नाजूक जागी खाज सुटली. सांगायची कुणाला? लाजेपोटी दोन महिने खोबरेल लावलं, शेवटी शुगरची नवी गोळीच परस्पर बंद केली. शुगर वाढली, खाज तशीच!

मैत्रिणींनो, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या साखरेवर बुरशी वाढते, म्हणून खाज. बुरशीवरच्या मलमानं ती बहुधा जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं एखादीच्या अंगावर पुरळ उठतं. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी क्वचित, विशेषतः उतारवयात, मोठे फोड येतात. आणि शुगर वाढलेली असली की गोळीशिवायही अंग खाजू शकतं.

म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नका. गोळी कधी सुरू झाली, खाज कधी सुटली, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा अंगावर पुरळ येऊन तोंडातही फोड आले, तर मात्र पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा.

काकूंना मीच सोबत घेऊन गेले. लेडी डॉक्टरांपुढे त्या दोन मिनिटांत मोकळ्या झाल्या. मलम मिळालं, आठवड्याभरात आराम पडला. ‘‘एवढंच होतं होय गं?’’ म्हणाल्या.

एवढंच होतं. पण त्यापायी दोन महिने गेले.